चाकांवरची दोन घरे

मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू कुटुंबांत अलीकडे एका नव्या हौसेने चांगलेच मूळ धरले आहे. प्रवासी व्हॅनच्या किंवा लहान मालवाहू गाडीच्या पोटात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, फ्रिज आणि शौचालय बसवून घ्यावयाचे, आणि हॉटेलच्या दारात न जाता हवे तेथे थांबत, हवे तितके दिवस हिंडावयाचे, अशी ही हौस आहे. ह्या गाडीस कोणी कॅम्पर म्हणतात, कोणी कॅरॅव्हॅन. २०२० च्या कोरोना साथीनंतर गर्दीची आणि परक्या खोल्यांची धास्ती मनात असताना तिची मागणी वाढली. जुन्या गाड्यांचे असे रूपांतर करून देणारी दुकाने निघाली. अशा गाड्या दिवसाच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या निघाल्या. गाडीची किंमत लाखांत आणि एका रात्रीचे भाडे हजारांत असूनही गिऱ्हाइकांची वाण पडलेली नाही.

सरकारही मागे राहिले नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी तसेच पाऊल टाकले. महाराष्ट्राच्या धोरणात दोन गोष्टींचा विचार आहे. एक गाडीचा आणि दुसरा ती उभी करण्याच्या जागेचा. गाडीत झोपण्याची सोय, स्वयंपाकघर, शौचालय असावे अशी अपेक्षा आहे. जागेला ‘कॅरॅव्हॅन पार्क’ असे नाव आहे. तेथे रस्ता, पाणी, वीज, स्वच्छतागृह असावे, अशी जागा खाजगी मालकाने किंवा पर्यटन महामंडळाने उभी करावी, आणि तीस पर्यटन उद्योगाला मिळणाऱ्या कर-सवलतींचा लाभ मिळावा, असा त्याचा आशय आहे. ह्या धोरणातून किती पार्क उभे राहतील हा वेगळा प्रश्न. परंतु चाकांवर राहणाऱ्या माणसाला रात्री पाणी, उजेड आणि आडोसा लागतो, एवढे शासनाने कागदावर मान्य केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ह्या हौसेवर समाजवाद्यांनी दात-ओठ खाण्याचे कारण नाही. माणसाने हिंडावे, देश पाहावा, उघड्या आभाळाखाली चार रात्री काढाव्यात, ह्यात वावगे काहीच नाही. मुद्दा निराळाच आहे. चाकांवरचे घर ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. ज्यांनी ते शतकानुशतके वाहिले, आणि जे आजही दरवर्षी सहा महिने वाहतात, त्यांच्या घराला धोरण नाही, पार्क नाही, व्याख्याही नाही. हा भेद कसा निर्माण झाला आणि तो कोणाच्या फायद्याचा आहे, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी मुंबई-पुण्याचा रस्ता सोडून लोह्याच्या रस्त्यावर यावे लागेल.

लोह्याचा रस्ता

नांदेडहून लातूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग लोहा शहरातून पुढे माळेगावावरून जातो. माळेगाव हे खंडोबाचे ठाणे. मार्गशीर्ष वद्यात येथे भरणारी यात्रा घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी बैलांच्या बाजारासाठी दूरदूर प्रसिद्ध आहे. पूर्वी ह्या यात्रेला येणारे कुटुंब तट्ट्याचे छत घातलेल्या बैलगाडीतून येई. गाडीतच शिधा, गाडीतच अंथरूण. रात्री बैल सोडून गाडीखाली झोपायचे आणि सकाळी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजायची. तमाशाचे फड आपला तंबू, कपडे आणि बिऱ्हाड मालमोटारीत भरून आणीत. वैदू, मसणजोगी, घिसाडी, गोसावी अशा भटक्या जमाती आपली पाले ठोकीत, आणि वर्षभराच्या भांडणतंट्यांचे निवाडे त्यांच्या जातपंचायती येथेच करीत. त्या पंचायतींत स्त्रियांवर अन्याय होत असे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना कोणत्याच गावात कायमचे ठिकाण नव्हते त्यांना वर्षातून एकदा भेटण्याचे हे ठिकाण होते. ‘कॅम्पिंग’ हा शब्द ज्यांच्या कानी कधी पडला नाही अशा हजारो माणसांचे ते चाकांवरचे आणि पालांतले गाव असे.

त्याच रस्त्याने दसरा-दिवाळीच्या सुमारास दुसरा एक प्रवास सुरू होतो. लोहा, कंधार, मुखेड ही बालाघाटाच्या उतरणीवरची माळरानाची भूमी. मन्याडवरचे लिंबोटीचे धरण ह्याच तालुक्यात उभे आहे, पण त्याचे पाणी तालुक्यातल्या प्रत्येक शेतास पोहोचत नाही. खरिपाचे सोयाबीन आणि कापूस घरात आले, किंवा न येताच गेले, की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीत किंवा ट्रकमध्ये सगळे बिऱ्हाड चढते: ज्वारीचे पोते, पिठाचा डबा, तवा, चूल, गोधड्या, पाण्याचे पिंप, दोन कोंबड्या, एक शेळी, पाळण्यातले मूल, आणि मागे सांभाळायला कोणी नसेल तर शाळेत जाणारी मुलेही. बैलगाडीची टोळी असेल तर बैलही त्याच ट्रकमध्ये उभे असतात.

पुण्याच्या कुटुंबाची कॅम्पर आणि लोह्याच्या कुटुंबाची ट्रॉली ह्यांची यादी शेजारी-शेजारी मांडून पाहावी. अंथरूण, स्वयंपाक, पाणी, साठवण, प्रवास ह्या रकाने दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की एका गाडीत बसणारा विश्रांतीसाठी घर सोडतो आणि दुसऱ्या गाडीत बसणारा पोटासाठी. एकाला परतीची तारीख स्वतः ठरविता येते. दुसऱ्याची परतीची तारीख उचल फिटली की नाही ह्यावर मुकादम ठरवितो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. माळेगावची यात्रा येते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ज्या कष्टकऱ्यांची ही यात्रा, ज्यांच्या घरी खंडोबाचा टाक आहे, ज्यांच्या वाडवडिलांनी येथे बैल विकले आणि घेतले, त्यांच्यातले हजारो लोक यात्रेच्या दिवशी दोन-चारशे किलोमीटरांवर उसाच्या फडात असतात. ह्या भागातल्या शेतमजुराला वर्षातून एकच सुट्टी होती, ती यात्रेची. तीही हंगामाने खाल्ली. विश्रांतीची किंमत बाजारात वाढत असताना कष्टकऱ्याची विश्रांती अशी आटत जाते, ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

घरभाडे कोणाच्या खात्यावर?

राज्यातील सुमारे दोनशे साखर कारखान्यांना ऊस तोडून देणाऱ्या मजुरांची संख्या आठ ते बारा लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. आकड्यातली ही चार लाखांची मोकळीक बोलकी आहे. राज्यात उसाचा टन-टन मोजला जातो, उताऱ्याचा दशांश मोजला जातो. ऊस तोडणारा माणूस मात्र अंदाजाने सांगितला जातो. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी तरतूद कशी होणार?

मजुरी ठरते ती टनावर. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांच्या रेट्यानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ही वाढ लढून मिळविलेली आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. परंतु ह्या दराच्या हिशेबात निवाऱ्याचे कलम कोठे आहे? कारखान्याने फार तर बांबू आणि चटया द्याव्यात, मजुराने त्यावर पाचट आणि ताडपत्री घालून कोपी उभी करावी, आणि सहा महिने तिच्यात राहावे, अशी ही रीत आहे. पाणी शेजारच्या विहिरीवरून किंवा कालव्यातून. उजेड असला तर असला. शौचालय म्हणजे उसाचा फड, तोही तुटेपर्यंतच.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मजुराच्या श्रमशक्तीच्या रोजच्या भरपाईचा, म्हणजे झोपेचा, अन्नाचा, अंघोळीचा, आजारपणाचा खर्च उत्पादनखर्चात धरला पाहिजे. तो जर कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नसेल, तर तो नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्या कोणीतरी सोसलेला असतो. येथे तो मजुराची बायको सोसते. पहाटे तीनला उठून पाणी आणणे, भाकऱ्या बडविणे, दिवसभर मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहणे, रात्री गाडी भरण्यास उठणे, आणि पाळीच्या दिवसांत किंवा तापात काम चुकले तर खाड्याचा दंड भरणे. हा खर्च कोणत्या टोकापर्यंत जातो हे २०१९ मध्ये उघड झाले. राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ह्या शस्त्रक्रियांमागे डॉक्टरांचा लोभ होता, अज्ञान होते, खाड्याची भीती होती. पण ज्या स्त्रीला सहा महिने स्वच्छ पाणी, आडोसा आणि एक दिवसाची विसावणूक मिळत नाही, तिला शरीराचा एक भाग काढून टाकणे हाच सुटकेचा मार्ग वाटू लागतो, हे मूळ विसरता येत नाही. कोपीला शौचालय नसणे ही केवळ गैरसोय नव्हे. तो साखरेच्या किमतीतून वगळलेला खर्च आहे, आणि तो स्त्रियांच्या शरीरातून वसूल झालेला आहे.

व्याख्येचे राजकारण

आता कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना पुन्हा आठवावी. रस्ता, पाणी, वीज, स्वच्छतागृह. कोपीतळावर ह्याहून एक गोष्टही अधिक नको आहे. मग पर्यटकासाठी जे सुचले ते मजुरासाठी का सुचले नाही? उत्तर सरळ आहे. पर्यटक हा ग्राहक आहे आणि त्याच्या गैरसोयीने धंदा बुडतो. मजुराच्या गैरसोयीने धंदा बुडत नाही, उलट तो स्वस्त पडतो. सवलतीचे धोरण नेहमी अशा माणसाकडे धावते ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक असते.

शासनाने ऊसतोड मजुरांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले; गाळपाच्या टनामागे दहा रुपये त्यासाठी घेण्याचे ठरले; २०२१ साली संत भगवानबाबा ह्यांच्या नावाने मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ही पावले योग्यच आहेत. पण त्यांचा रोख मजुराच्या गावाकडे आहे. मजूर जेथे सहा महिने राहतो त्या जागेकडे नाही. वसतिगृहाने मूल ट्रॉलीतून उतरविले जाते, ही मोठीच गोष्ट. परंतु ट्रॉलीत उरलेल्या आई-बापांनी कोठे झोपावे, हा प्रश्न तेथेच राहतो. कायद्यातही तीच फट आहे. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली केंद्राचा कायदा झाला, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या श्रमसंहितेतही आंतरराज्य स्थलांतराचीच कल्पना कायम आहे. लोह्याहून कर्नाटकात गेलेला मजूर ‘स्थलांतरित’, आणि लोह्याहून सांगलीस गेलेला मजूर कायद्याच्या लेखी जणू घरीच बसलेला!

भटक्या-विमुक्तांची कथा ह्याहून कठोर आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिंडत्या माणसाला जन्मजात गुन्हेगार ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण त्याने रुजविलेला संशय रद्द झाला नाही. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड ह्यांनी ‘उचल्या’त हे जिणे मांडले आणि १९८८ साली त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, संशयाचे मात्र काही वाकडे झाले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ते पोटासाठी हिंडत होते एवढाच त्यांचा दोष. शहरी कुटुंब अनोळखी गावाच्या वेशीवर कॅम्पर उभी करते तेव्हा गावकरी कुतूहलाने जमतात आणि दूध आणून देतात. डवरी गोसाव्याचे पाल त्याच वेशीवर उभे राहते तेव्हा पोलीस-पाटील चौकशीस येतो. मुक्काम तोच, जमीन तीच, रात्रही तीच. बदलतो तो मुक्काम करणाऱ्याचा वर्ग.

बाहेरच्या जगाचा धडा

हा भेद केवळ आपल्याकडचा नाही. हौसेची चाकांवरची गाडी जेथे जन्मली त्या इंग्लंडचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टॉलच्या गाडी-कारखान्यातून केवळ सहलीसाठी एक घोडागाडी बांधून घेतली. तिचे नाव ‘वॉन्डरर’, म्हणजे भटकी. मूळ कल्पना रस्त्यावरच्या जिप्सींच्या गाड्यांवरून उचललेली होती. डॉक्टरसाहेब गाडीत, हाकायला गाडीवान, आणि पुढच्या वळणावर रस्ता मोकळा आहे की नाही ते पाहायला तीनचाकी सायकलवर नोकर, असा तो प्रवास असे. भटक्यांचे घर उचलून मध्यमवर्गाने त्याची हौस केली, ती अशी.

पुढे काय झाले? १९६० साली ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनच्या जागांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. परवान्यावाचून कोठेही गाड्या लावण्यास बंदी आली आणि गावोगावच्या सामाईक माळांवरून जिप्सी हुसकावले गेले. त्याच कायद्यात मान्यताप्राप्त सहल-क्लबांच्या सभासदांना मात्र लहान तळांसाठी सूट होती. १९६८ च्या कायद्याने चूक अंशतः सुधारली: जिप्सींसाठी जागा पुरविणे हे स्थानिक सत्तेचे कर्तव्य ठरले. १९९४ मध्ये काँझर्व्हेटिव्ह सरकारने ते कर्तव्यच काढून टाकले. एकाच प्रकारच्या गाडीला एक सूट आणि एक हद्दपारी, हे लोकशाही देशात कायद्याने घडू शकते, हा त्यातला धडा. आणि कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलेली गोष्टसुद्धा, तिच्यामागे संघटित बळ नसेल तर, पुसली जाते, हा दुसरा.

अमेरिकेत आणखी एक वळण आलेले दिसते. २००८ च्या आर्थिक कोसळणीत घर आणि पुंजी गमावलेले साठी-सत्तरीतले लोक जुन्या व्हॅनमध्ये राहू लागले, आणि हंगामाप्रमाणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामासाठी हिंडू लागले. कधी ऑनलाइन विक्रीच्या गोदामात, कधी सरकारी वनातल्या तळांवर झाडलोट करीत, कधी साखरेच्या बीटाच्या हंगामात. जेसिका ब्रूडर ह्या पत्रकार बाईंनी २०१७ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि त्यावरचा चित्रपट पुढे ऑस्करपर्यंत गेला. ज्या गाडीची जाहिरात मुक्त जीवनाचे प्रतीक म्हणून होते, तीच गाडी घरभाडे न परवडणाऱ्याचा शेवटचा निवारा होते. साखर तेथेही आहे आणि हंगामी मजूरही आहे. आपल्याकडचा मजूर कोपीत असतो, तेथला व्हॅनमध्ये, एवढाच फरक.

पण युरोपात एक वेगळा धडाही आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये लिऑं ब्लूम ह्यांचे लोकआघाडीचे सरकार आले. त्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली आणि रजेच्या प्रवासासाठी रेल्वेचे सवलतीचे तिकीट सुरू केले. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता असे कामगार सायकली आणि तंबू घेऊन किनाऱ्यावर गेले. तेव्हाच्या प्रतिष्ठित वर्गाने नाके मुरडली. पण विश्रांती ही मालमत्ता नसून हक्क आहे, हे तत्त्व त्या उन्हाळ्यात प्रत्यक्षात आले. समाजवादी चळवळीने हिंडण्याला कधी विरोध केलेला नाही. हिंडणे थोड्यांचेच राहावे ह्याला तिचा विरोध आहे.

काही आक्षेप

येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की कॅरॅव्हॅनने ग्रामीण भागात रोजगार येईल. येईलही थोडा, पण ज्या गाडीत पलंग, स्वयंपाक आणि शिधा बरोबर असतो तिचा मालक गावात खर्च किती करणार? खानावळ आणि धर्मशाळा ज्या प्रवाशावर जगतात तो एस.टी.ने येणारा प्रवासी आहे. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी सोडणारी एस.टी. हीच महाराष्ट्राच्या गरिबांची सहलीची गाडी. २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना तिच्यातून मोफत प्रवास आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला, तेव्हा माहेरी, देवाला, लग्नाला जाणाऱ्या बायकांनी गाड्या भरून गेल्या. हिंडण्याची भूक किती दडपलेली होती ते तेव्हा कळले. पर्यटनाला सवलत द्यावयाचीच तर ती आधी एस.टी.च्या नव्या गाड्यांना आणि यात्रेच्या जादा फेऱ्यांना द्यावी.

दुसरा आक्षेप: आता तोडणीची यंत्रे येत आहेत, तेव्हा कोपीचा प्रश्न आपोआप सुटेल. यंत्रे येत आहेत हे खरे. पण लहान तुकड्यांच्या आणि ओल्या रानांत ती सहज चालत नाहीत, आणि यंत्र आल्यावर मजुराचे काम जाईल. त्याचा निवारा येणार नाही. ‘उद्या तुम्ही येथे नसाल’ हे आज पाणी न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे: दरवर्षी जागा बदलणाऱ्या लाखो माणसांना सोयी पुरविणे शक्य तरी आहे काय? ह्याचे उत्तर पंढरीच्या वाटेवर आहे. आषाढी वारीत लाखो माणसे रोज गाव बदलतात. दिंड्यांचे ट्रक त्यांचे बिऱ्हाड वाहतात. शासन त्यांना टँकर, फिरती शौचालये आणि दवाखाने पुरविते, आणि २०२४ साली प्रत्येक दिंडीस वीस हजार रुपयांचे अनुदान देण्याचेही जाहीर झाले. हे योग्यच झाले. जे शासन वीस दिवस चालणाऱ्या माणसांमागे पाणी आणि शौचालय चालवू शकते, ते एका जागी सहा महिने राहणाऱ्या माणसांजवळ ते उभे करू शकत नाही, असे म्हणता येणार नाही. अडचण यंत्रणेची नाही. वारकऱ्यांच्या मागे समाज उभा आहे, मजुराच्या मागे अजून उभा राहावयाचा आहे.

मागणी आणि काम

ह्यातून मागण्या सरळ निघतात. साखर कारखान्यास दरवर्षी गाळपाचा परवाना लागतो. कोपीतळावर पाणी, स्त्रियांसाठी शौचालय व न्हाणी, वीज, आणि आठवड्यातून एकदा फिरता दवाखाना असल्याखेरीज तो परवाना देऊ नये. निवाऱ्याचा खर्च तोडणीच्या दराबाहेर, कारखान्याच्या खात्यावर स्वतंत्र कलम म्हणून दाखवावा. गावाहून निघताना ग्रामपंचायतीत प्रत्येक मजुराची नोंद व्हावी आणि तिच्यावर त्याला हंगामाच्या गावी रेशन मिळावे. शिधापत्रिका देशात कोठेही चालते ही घोषणा कोपीच्या दारापर्यंत आली पाहिजे. कॅरॅव्हॅन पार्कला जी सरकारी जागा आणि सवलत देता येते, ती भटक्यांच्या मुक्कामाच्या तळालाही द्यावी. शक्य तेथे एकाच तळावर दोघांची सोय व्हावी. आणि राज्याच्या सीमेआतील स्थलांतर हेही स्थलांतर आहे, हे राज्याने स्वतःच्या कायद्याने मान्य करावे.

मागण्या लिहिणे सोपे असते. त्या मोजणीवाचून हवेत राहतात, आणि मोजणी शासन आपण होऊन करणार नाही. ती कार्यकर्त्यांनी करावयाची आहे. लोहा, कंधार, मुखेड ह्या तालुक्यांत ती माळेगावच्या यात्रेच्या आठवड्यातच होऊ शकते. त्या दिवसांत गावे यात्रेला जातात, पाव्हणे येतात, घरे गजबजतात. नेमकी तेव्हा ज्या घरांना कुलूप असते ती घरे मोजावीत. कुटुंबात माणसे किती, कोणत्या कारखान्यावर गेली, उचल किती घेतली, मुले बरोबर नेली की म्हातारीपाशी ठेवली, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे शेजारी देऊ शकतो. यात्रेत पाले ठोकलेल्या कुटुंबांनाही विचारावे: जातीचा दाखला आहे काय, शिधापत्रिका आहे काय, मागच्या मुक्कामावरून कोणी हुसकावले काय.

हंगाम सरता-सरता हीच वही घेऊन दोन कार्यकर्त्यांनी सांगली-कोल्हापूरच्या कोपीतळावर जावे आणि नावे जुळवावीत. गाव, माणूस आणि कारखाना एका ओळीत लिहिला गेला की साखर आयुक्तांपुढे आणि विधानसभेपुढे ठेवण्यास कागद तयार होतो. अंदाजाने सांगितलेल्या आठ-बारा लाखांपैकी निदान तीन तालुक्यांची माणसे तरी मग नावानिशी उभी राहतील, आणि माळेगावच्या यात्रेला त्यांना सुट्टी का मिळू नये, हा प्रश्नही त्यांच्याच नावाने विचारता येईल.